लग्नाच्या कॅसेटवरचा दरोडा

नानाखेडा, उज्जैन
कोजागरीचा दुसरा दिवस

सन्माननीय शालक महोदय चि. सुहासराव यांस श्रीनाथचे भरघोस आशीर्वाद, आणि या खेपेला नमस्कारसुद्धा. तुझं पोट, मानसीचे गुडघे आणि पुण्याची हवा, तिन्ही ठिकाणी आराम असावा अशी महाकालाकडे प्रार्थना करून बसलो आहे. चौतीस वर्षं तुला 'काय रे साल्या' म्हणत आलो (आमच्या उज्जैनीत ही शिवी नाही, नातं आहे) आणि आज एकदम महोदय, म्हणून दचकू नकोस. फोन केला असता, पण तुझी ताई अलका प्रत्येक फोन स्पीकरवर टाकून ऐकते, आणि माझं व्हॉट्सॲप ऋचाच्या लॅपटॉपवर कायम उघडं असतं. गुपित ठेवायला आता पोस्टखात्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तर झालं असं की दिवाळीची साफसफाई निघाली. ऋचा जावईबापूंना, म्हणजे विक्रांतला, घेऊन आठ दिवस आली आहे. तिनं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून एक जुनी व्हिडिओ कॅसेट काढली, खोक्यावर अलकाच्या अक्षरात 'विवाह समारंभ'. तीच, आमच्या लग्नाची, जी बत्तीस वर्षांपूर्वी हरवली आणि जी तू पुण्याला घेऊन गेलास हे साऱ्या खानदानाला माहीत आहे. तू नेली नव्हतीस. हे तुला ठाऊक, मला ठाऊक.

त्र्याण्णव साली एका शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर चोरांचा एक गमतीदार पिक्चर लागणार होता. मी तो कॉलेजात असताना तीनदा पाहिला होता. नवा व्हीसीआर घरात, अलका शेजारी हळदीकुंकवाला गेलेली, आणि कोरी कॅसेट एकही नाही. तुला आठवत असेल, व्हिडिओवाल्यानं आपल्याला दोन कॅसेटी दिल्या होत्या, एक लग्नाची, दुसरी स्वागत समारंभाची. मी मनाशी म्हटलं, स्वागत समारंभात आहे काय? तीन तास लोक जेवताहेत. ती पुसली तर राष्ट्राचं नुकसान नाही. कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा चिमुकला तुकडा मोडलेला असला की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही, आणि व्हिडिओवाल्यानं तो शहाणपणानं मोडूनच दिला होता. मी त्याहून शहाणा. त्या भोकावर सेलोटेप चिकटवली आणि लाल बटण दाबलं. (म्हणजे 'चुकून झालं' म्हणायची सोय मी स्वतःच्या हातानं बुजवली.) रविवारी पिक्चर पाहायला बसलो, पिक्चर संपला, पुढं टेप चालूच राहिली, आणि पडद्यावर माझ्या सासऱ्यांचा, तुमच्या बापूंचा, चेहरा आला. कॅसेटींची खोकी बदलली होती रे! अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी, सगळं चोरांनी नेलं होतं. मी मशीन बंद केलं, कॅसेट तिच्या खऱ्या खोक्यात घालून माळ्यावर टाकली, आणि अलकानं विचारलं तेव्हा तू नुकताच येऊन गेला होतास म्हणून तुझं नाव तोंडातून निघून गेलं. लोक जेवताहेत ती कॅसेट मात्र आजही ठणठणीत आहे.

आता ऋचानं ही कॅसेट टॉवर चौकातल्या एका दुकानात नेऊन दिली. तिथला तुषार नावाचा पोरगेला माणूस जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. मला रात्रभर झोप नाही. पिक्चरमध्ये चार चोर बॅंडवाल्यांचे डगले घालून एका जमीनदाराच्या वरातीत घुसतात आणि नवलखा हार ढोलात घालून पसार होतात. मला काउंटरपलीकडची एक कॅसेट उचलायची होती. तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा त्यानं पावती मागितली (ती ऋचाकडे), दुसऱ्यांदा तो नजरेआड व्हावा म्हणून मी त्याला चहाला पाठवलं तर त्यानं दुकानातच दोन चहा मागवले, तिसऱ्यांदा मी सरळ पाय धरायच्या बेतात म्हणालो, बाबा रे, कॅसेटला बुरशी लागली होती एवढं सांग. तो पिक्चर पाहून खूश होऊन बसला होता. म्हणाला, "अंकल, झूठ तो नहीं बोल पाऊँगा, महाकाल देख रहे हैं।" सुहास, या शहरात चोरी करणं फार अवघड आहे. साक्षीदार कायमचा बसलेला.

काल दुपारी जेवणं झाली आणि सगळे टीव्हीसमोर बसले. अलकानं ठेवणीतली साडी नेसली होती. मी उठून जाणार तरी कुठं? सनई वाजेल म्हणून सगळे कान टवकारून बसले आणि सुरू झाला चोरांचा पिक्चर. अलकानं माझ्याकडे न पाहता विचारलं, "हे कुणी केलं?" माझ्या जिभेला जुनी सवय. म्हणालो, "सुहासनं. नेली, टेप केली, आणि गुपचूप आणून ठेवली." ती एवढंच म्हणाली, "चालू दे, पिक्चर चांगला आहे." आणि खरं सांगतो, पाच मिनिटांनी मीही विसरलो की आरोपी मी आहे. फौजदार स्वतःच वरातीत नाचतो तिथं विक्रांत इतका हसला की त्याच्या हातातली शेव गालिच्यावर सांडली. तीनदा पाहिलेला पिक्चर चौथ्यांदा जास्त आवडला.

मग 'समाप्त', एक साबणाची जाहिरात, आणि आपला बॅंड. विक्रांतला वाटलं पिक्चर अजून संपला नाही. मुंडावळ्या बांधलेल्या माझ्याकडे बोट दाखवून विचारतो, हा नवा चोर कोण? शेवटची पंधरा मिनिटं वाचली होती. पाठवणी. बायका रडताहेत, मी अनवाणी उभा आहे (माझे कोरे बूट पळवले होते आणि ते शेवटपर्यंत मिळाले नाहीत, मी मावशीच्या चपला घालून उज्जैनला आलो), आणि कोपऱ्यात तुमचे बापू. देवासचे हेडमास्तर, ज्यांच्यासमोर मी कधी पाय पसरून बसलो नाही. ते इकडे पाहतात, तिकडे पाहतात, उपरण्याखालून वर्तमानपत्राचं पुडकं काढतात आणि शेजारच्या तरुणाच्या हातात कोंबतात. पुडक्यातून बुटाची लेस लोंबते आहे. तरुण धूम ठोकतो. आणि बापू उपरणं तोंडावर धरून हसताहेत, खांदे गदगदा हलताहेत. मी त्यांना जन्मात हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, जावई पसंत नाही. अलकानं तेवढाच तुकडा सात-आठ वेळा मागं नेऊन पाहिला, डोळे पुसत, हसत. मला फार बरं वाटलं रे, फार.

बाकी सगळं क्षेमकुशल. मुलांना आशीर्वाद.

तुझा भावोजी,
श्रीनाथ

ता. क. : पळालेला तरुण तूच आहेस, हे चौघांनी पाहिलं आहे. तेव्हा एक चोरी सिद्ध झालेल्या माणसानं दुसरी कबूल केली तर त्याचं काय बिघडतं? भाऊबीजेला आलास की 'हो ताई, मीच टेप केला' म्हण आणि प्रकरण कायमचं मिटवून टाक. बुटांचा दावा मी मागं घेतो.

ता. क. २ : पाकीट अलकाच पोस्टात टाकेल, तिला देवास गेटला जायचंच आहे. काळजी नको, ती दुसऱ्याचं पत्र कधी उघडत नाही.

ता. क. ३ : सुहास, मी ताई. उघडलं. त्या सोमवारी हे ऑफिसला गेल्यावर मी कॅसेट लावून पाहिली होती. माळ्याखाली स्टूल हे तसंच विसरून गेले होते, त्यावरून कळलं. दोन दिवस रडले, मग शेवटपर्यंत पाहिली आणि बापू दिसले. मशीन बंद पडेपर्यंत कितीतरी दुपारी त्यांना पाहत बसले. वाटलं होतं, हे आपणहून सांगतील. सांगितलं नाही, पण त्या आठवड्यापासून रोज सकाळी स्वतः चहा करून मला उठवतात. बत्तीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. मी थंडी पडली की कॅसेटचा विषय काढते. तेव्हा भाऊबीजेला कबूलही होऊ नकोस आणि नाकारूही नकोस, नुसता हस. प्रकरण मिटलं तर चहा मला करावा लागेल.