रिझवानाच्या भाकरीची लिंक

मंगळवार, संध्याकाळ

एक लिंक काय काढून टाकली, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

माझी चटण्यांची वेबसाइट सांभाळणाऱ्या सुहासचा दुपारी फोन आला. "ताई, गूगलवर आपण खाली का गेलो ते सापडलं. शेंगा चटणीच्या पानावर बाहेरची एक लिंक हाय की, ती जुगाराच्या साइटवर जातीय. आधी ती काढा."

जुगार? अरे, ती रिझवानाची लिंक. शेजारीच राहायची, कडक भाकरी विकायची. आम्ही दोघींनी बरोबरच वेबसाइट सुरू केल्या, तेव्हा म्हणाली होती, "तुझ्याकडं भाकरी न्हाय, माझ्याकडं चटणी न्हाय. गिऱ्हाईक अर्धपोटी कशाला पाठवायचं?" मी तिची लिंक टाकली, तिनं माझी. पुढं ती मुलाकडं हैदराबादला गेली. साइटचं नाव दरवर्षीचे पैसे भरून रिन्यू केलं नसणार, म्हणून ते भलत्याच कुणीतरी उचललं.

पण कधी? इतके दिवस मी लोकांना तिच्याकडं पाठवत राहिले आणि स्वतः एकदाही त्या लिंकवर बोट ठेवलं नाही. फोन तरी कुठं केला? तिनंही नाही केला म्हणा. आता एकदम करून काय बोलू? तुझी साइट बंद पडली, हे?

शेवटी लिंक काढली. 'सोबत रिझवानाची कडक भाकरी घ्या' हे वाक्य मात्र तसंच ठेवलं. सुहास वैतागला. "ताई, लोक विचारतील की, ती कुठं मिळते म्हणून!"

विचारू देत. कुणीतरी विचारावंच. म्हणजे तिला फोन करायला मला निमित्त मिळेल.