चेंबरचं पॅकिंग

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे दोन दिवस तसंच ठेवलं असशील. मीही तेच केलं असतं. पण आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून ठेवू नकोस. अकरा वर्षांत आपण दोघी एकमेकींशी जेवढं बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल. बाबा गेल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं "बरं" म्हणालीस, आणि त्यानंतर कितीतरी वेळ फोन ठेवला नाहीस. मीही ठेवला नाही. तुझ्या घरातला नळ चालू होता, तो ऐकत उभी राहिले.

घर जागेवर आहे. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात काचा घासते. बाबांच्या सामानाची आवराआवर करताना त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात शेडची किल्ली सापडली. आंघोळीला जातानाही ते ती बरोबर नेत, हे तुला माहीत नसेल. तू गेल्यानंतरचं आहे ते. भंगारातून आणलेली ती निळी गाडी जोडायला बाबांनी चार वर्षं घालवली. आई तिला "माझी सवत" म्हणायची, आणि रविवारी बाबा शेडमध्ये जेवायला मागत तेव्हा "सवतीलाच वाढायला सांगा" म्हणून ताट आपटायची. त्याच बाबांनी त्या दिवसानंतर गाडी ओढून आणली, ताडपत्री टाकली आणि कुलूप घातलं. मलासुद्धा आत पाऊल टाकू दिलं नाही. आणि मी तर त्या गाडीखालीच लहानाची मोठी झालेली.

कुलूप उघडलं तेव्हा वास तसाच होता. जुनं ऑइल, रबर, ओला पुठ्ठा. ताडपत्री काढली तर मागच्या सीटवर तू आईच्या डोक्याखाली ठेवलेली उशी होती. तिच्यात खळगा तसाच होता, ताई. अकरा वर्षांत उशी फुगून वर यायला हवी की नको? मी ती उचलली नाही. दार हळूच लावलं, कुणी झोपलंय असं समजून. पुढचे कित्येक रविवार मी त्या सीटकडे पाठ करून काम केलं, आणि दर वेळी पाना खाली ठेवला की वाटायचं, मागे कुणीतरी गाडी सुरू व्हायची वाट बघतंय. न कुरकुरता, त्या दिवशीच्या आईसारखं.

तो दिवस तुला मी सांगावा असं नाही. पण मी गाडीत नव्हते, घर बंद करायला मागे राहिले होते, म्हणून मला जे कळलं ते लिहिते. चुकलं तर मनात दुरुस्त कर. आईच्या छातीत कळ आली, रुग्णवाहिकेला तास लागेल म्हणाले, आणि घरात चालणारी चारचाकी म्हणजे ही सवतच. भाऊजी चालवत होते, बाबा शेजारी, मागे तू आणि आई. अर्ध्या वाटेत स्टिअरिंगमागचा ऑइलचा लाल दिवा लागला. तो दिवा लागला की आधी इंजिन बंद करायचं, हे बाबांनीच भाऊजींकडून घोकवून घेतलं होतं, म्हणून त्यांनी बंद केलं. बाबा ओरडले, "थांबवतोस काय! जळू दे इंजिन!" पुन्हा सुरू केली, ती शंभर पावलं गेली आणि इंजिन कडक होऊन बसलं. दुसरी गाडी थांबेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. मागे रस्त्यावर ऑइलचा काळा पट्टा उमटला होता, तो लोकांनी नंतर बाबांना दाखवला.

दोनच आठवड्यांपूर्वी भाऊजींनी चेंबरचं पॅकिंग बदललं होतं. इंजिनाच्या तळाची ती ऑइलची परात, तिच्या कडेची ती पट्टी. तेराव्या दिवशी, सगळे बसलेले असताना, बाबा म्हणाले, "बोल्ट आवळायची अक्कल नाही आणि माझ्या गाडीला हात लावला. माझी बायको याने मारली."  तू उठलीस, भाऊजींचा हात धरलास आणि गेलीस. मी दारात उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस, मी बोलेन म्हणून. मी खाली बघितलं. एकोणीस वर्षांची होते हे कारण मी इतकी वर्षं वापरलं, आता ते विटलंय.

तर गाडी. मला ती विकायची होती, पण बंद गाडी कोण घेणार, म्हणून आधी चालू करायची ठरवली. निदान स्वतःला मी तसं सांगितलं. इंजिन उतरवलं, लेथवाल्या काकांकडून क्रँकचा दांडा घासून आणला, बेअरिंगं नवी घातली. त्यासाठी चेंबर उघडावाच लागला. आत भाऊजींचं पॅकिंग होतं. मला वाटलं होतं, कुठेतरी फाटलेलं, सरकलेलं असेल. ते चहूबाजूंनी सारखं दाबलेलं होतं, कागदावर रूळ फिरवावा तसं. आणि प्रत्येक बोल्टाशेजारी मळाखाली पांढऱ्या रंगात बारीक आकडा होता, एक ते अठरा, समोरासमोरच्या क्रमाने. नकाशे काढणाऱ्या माणसाचे आकडे. सासऱ्याच्या गाडीचे अठरा बोल्ट त्यांनी नंबर घालून आवळले होते. बाबांनी हात धुवायला सांगितलं तर नखंसुद्धा स्वच्छ निघाली म्हणून आपण त्यांना किती हसलो होतो, आठवतं?

तरी मी मनाची समजूत घातली. वर्षानुवर्षं दाबून राहिलं, म्हणून आता बरं दिसत असेल. नवं पॅकिंग घातलं, माझ्या हाताने, त्यांच्याच आकड्यांच्या क्रमाने. स्वस्तातलं ऑइल भरलं. ते आतलं धुऊन काढायला. पुढच्या रविवारी ते काढून चांगलं भरायचं आणि तेव्हाच फिल्टरही बदलायचा होता. इंजिन सुरू झालं. मला रडू आलं, ते आनंदाचं असावं. मग खाली पुठ्ठ्यावर टप् असा आवाज आला. पुन्हा टप्. जरा वेग वाढवला तर टपटप, आणि मग धार. चेंबरच्या त्याच मागच्या कोपऱ्यातून, जिथून गळलं म्हणून बाबांनी पंचवीस माणसांत बोट दाखवलं होतं.

इंजिन बंद करून मी जमिनीवर बसून राहिले. पॅकिंग नवं होतं, बोल्ट माझे होते आणि गळती तीच होती. म्हणजे गळती पॅकिंगची नव्हती. कधीच नव्हती. एवढी साधी गोष्ट, ताई, आणि ती तपासायला या घरात अकरा वर्षं कुणी वाकलं नाही.

मग मी गाडीचा डॉक्टर करतो तसं केलं. रॉकेल आणि ब्रशने इंजिनाची ती बाजू वरपासून खालपर्यंत धुतली, कोरडी पुसली आणि तिच्यावर अंगाला लावायची पावडर फुंकली. पांढऱ्यावर ऑइलचा पहिला ओघळ कुठे उमटतो ते दिसतं. दुकानातला छोटा आरसा काठीला बांधला. इंजिन अर्धा मिनिट चालवलं, बंद केलं आणि आरसा आत घातला. चेंबरच्या वरची पावडर भिजली होती. त्याच्याही वर भिजली होती. ओघळ इंजिनाच्या अंगावरून वर चढत फिल्टरपाशी जाऊन थांबला. तिथून निघालेलं ऑइल अंगाअंगाने उतरून चेंबरच्या काठाने मागे जात होतं आणि कोपऱ्यातून पडत होतं.

फिल्टर हाताने फिरवून काढला. त्याच्या तोंडाशी रबरी रिंग असते, इंजिनाला घट्ट बसायला. ती होतीच. पण इंजिनाच्या अंगावर दुसरी एक रिंग चिकटलेली होती, जुन्या फिल्टरची, काळी, चकचकीत, इंजिनाचाच भाग वाटावा अशी. रबरावर रबर बसलं होतं. चार दिवस तसं टिकतं. मग वेग वाढला, दाब वाढला की एका बाजूने बाहेर सरकतं आणि ऑइल भडाभडा वाहतं. वरची रिंग तशी सरकली होती, ओठ बाहेर काढावा तशी.

फिल्टर पुसला. त्याच्यावर लाल नखपॉलिशने तारीख लिहिलेली होती. आईचं नखपॉलिश. तारीख ती गेली त्याच्या आठ दिवस आधीची, आणि शेजारी एक हसरा चेहरा. ताई, ते अक्षर माझं आहे.

त्या क्षणी सगळं आठवलं. विसरलेलं असं नव्हे, फक्त तिकडे कधी बघितलं नव्हतं. भाऊजींनी ऑइल बदललं तेव्हा फिल्टर मिळाला नव्हता. पुढच्या आठवड्यात बाबांनी आणला. मी म्हटलं, मी एकटी बसवते, कुणी यायचं नाही. बाबा बाहेर चहा पीत बसले होते, तिथूनच त्यांनी विचारलं, "जुनं रबर निघालंय का बघितलंस ना?" आणि मी म्हणाले, "हो, बघितलं." बघितलं नव्हतं. मला तारीख लिहायची घाई झाली होती.

बाबांना हे ठाऊक होतं का, हा प्रश्न मला आठवडाभर गिळता येईना. शेवटी लेथवाल्या काकांकडे गेले, दोन्ही रिंगा टेबलावर ठेवल्या. काकांनी चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "तुझ्या बापाने मला विचारलं होतं. तुझी आई गेली त्याच आठवड्यात. रबरावर रबर राहिलं तर गळतं का हो, म्हणून. मी म्हटलं, गळणारच की. त्यावर ते म्हणाले, धाकटी पोर आहे माझी, तिला आयुष्य काढायचंय. मला तेव्हा अर्थ लागला नाही. पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही."

तेराव्याच्या आधीच त्यांना कळलं होतं, ताई. सगळं माहीत असून त्यांनी भाऊजींकडे बोट दाखवलं. दोन मुलींमधली एक जाणारच होती आणि त्यांनी मला ठेवून घेतलं. फिल्टर काढून फेकून द्यायला त्यांना दोन मिनिटं लागली असती. अकरा वर्षांत त्यांनी तो फेकला नाही आणि कुणाला दाखवलाही नाही, नुसती किल्ली अंगावर बाळगली. मला त्यांचा राग येतो, आणि मग वाटतं, रागवायचा हक्क मला कुठे आहे. मी त्यांच्या ताटात रोज वाढत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. आता कळतं ते काय बघत होते.

जुनी रिंग मी नखाने खरवडून काढली, जागा पुसली, बोट फिरवून तीनदा बघितली. नवा फिल्टर बसवला. तासभर इंजिन चालवलं. पुठ्ठा कोरडा. बारा दिवस झाले, पुठ्ठा कोरडाच आहे. पण घरात स्वयंपाक करताना मला टप् ऐकू येतं. नळ बघते, छत बघते. काही नसतं.

आता हे पत्र का लिहिलं ते. बाबा गेले त्याच महिन्यात भाऊजींची एक चिठ्ठी मला आली, तुला न सांगता पाठवलेली. चारच ओळी, तेच बारीक अक्षर. "बाबांची क्षमा मागायची राहून गेली. ते बोलले ते खरं होतं, एखादा बोल्ट माझ्याकडून सैल राहिला असणार. मी रोज ते अठरा बोल्ट मोजतो. आईंच्या वतीने तुम्ही मला माफ कराल का?" त्यांनी माफी माझ्याकडे मागितली, ताई. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, तरी उत्तर दिलं नाही. मनात म्हटलं, बघू. आता मला माहीत आहे, आणि त्यांना हे तोंडाने सांगायची हिंमत माझ्यात नाही, म्हणून तुला लिहिते. त्यांना समोर बसव आणि हे मोठ्याने वाचून दाखव, विशेषतः बोल्टांचं. सांग की अठराच्या अठरा घट्ट होते. मी स्वतः उघडले, प्रत्येकाला जोर लावावा लागला. रविवारी सकाळच्या बसने मी येते आहे. दार उघडायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा. नाही उघडलंत तर मी जिन्यात थोडा वेळ बसेन आणि परत जाईन.

तुझीच,
धाकटी