अदृश्य कुंपण आणि दोन नालायक उमेदवार

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०
वीट आला. या घराचा, या कुत्र्यांचा, सगळ्याचाच. ढब्बू आणि ठमी आज पुन्हा पळाली. ढब्बू दुधाच्या गाडीखाली जाता जाता वाचला. ठमीने शेजारच्या डेंटिस्टच्या फुलांच्या वाफ्यात खड्डा खणला आणि त्यात स्वतःच जाऊन बसली. डेंटिस्टने दोघांना आणून सोडलं. हसत. त्या माणसाचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत आणि तो ते येताजाता दाखवत असतो. शी!

वसाहतीच्या नियमाप्रमाणे घरापुढे कुंपण घालता येत नाही. मागे आवार असेल तर भिंत चालते. डेंटिस्टच्या मागे आवार आहे. आमच्या मागे दुसऱ्याची भिंत. नियम करणाऱ्याच्या घरी कुत्री नसणार.

सायंकाळी ६
मुलीचा फोन. कुत्री मूळ तिचीच. नोकरीसाठी परगावी जाताना ‘चार महिने सांभाळा’ म्हणून गळ्यात मारून गेली, त्याला तीन वर्षं झाली. बायकोने दुधाच्या गाडीचं सगळं रामायण सांगितलं. मुलगी म्हणाली की ती तीस तारखेला येते आहे, तोवर कुत्र्यांचं रस्त्यावर जाणं थांबलं नाही तर ती दोघांना उचलून बंद आवार असलेल्या कुणाला तरी देऊन टाकेल. मी म्हणालो, आजच ने, सामान बांधून ठेवतो.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, आवाज का बसला? सर्दी. दुसरं काय असणार. ठमी रोज दुपारी माझ्या पायांवर झोपते. पायांना मुंग्या येतात. तेवढा तरी त्रास सुटेल.

पण प्रश्न तत्त्वाचा आहे. एकतीस वर्षं ऑफिसात ट्रेनिंग विभाग सांभाळला. साडेतीन हजार कारकून घडवले. दोन कुत्री घडवता येऊ नयेत? इलेक्ट्रॉनिक कुंपण मागवलं आहे. जमिनीत वायर पुरायची, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालायचा. कुत्रं हद्दीजवळ गेलं की पट्टा बीप करतो. तरीही पुढे गेलं तर बारीक चिमटा काढतो. एका आठवड्यात विषय संपेल.

५ मार्च, गुरुवार
खोका आला. खोक्यावर एक कुत्रं हसतंय. कुत्र्याने हसू नये, ओशट दिसतं. आत मशीन, वायरचं भेंडोळं, दोन पट्टे, पन्नास पांढरी निशाणं आणि अठ्ठेचाळीस पानांचं मॅन्युअल.

मी स्वतः बावीस मॅन्युअलं लिहिली आहेत. ती कुणीही वाचत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत? लिहिणाऱ्याला पानं भरायची असतात. हॉलमधलं टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली घातलं. टेबल स्थिर झालं. मॅन्युअलचा एवढा उपयोग मी प्रथमच पाहिला.

जाता जाता एक चित्र दिसलं. मशीनपासून हद्दीपर्यंत ज्या दोन वायरी जातात त्यांना एकमेकींभोवती पीळ घालायचा म्हणे. वेणी! मी काय वेण्या घालत बसू?

६ मार्च, शुक्रवार
वायर टाकली. दुकानदार फोनवर म्हणाला होता, दोन-तीन इंच खोल पुरे. कामचुकारांचा सल्ला. मी रस्त्याच्या कडेने चांगली फूटभर खोल पुरली. मशीन हॉलमध्ये, दाराच्या आत. तिथून दोन्ही वायरी पायऱ्यांवरून खाली आणल्या, हातभर अंतर ठेवून, सरळसोट. पीळबीळ नाही. बायको म्हणाली की चित्रात तर पीळ आहे. मी म्हणालो, चित्रकाराला विजेतलं काय कळतं?

कंबर गेली. ठमीने माझी चप्पल खड्ड्यात पुरली. चप्पल सापडली तेव्हा तिची अवस्था लिहिण्यासारखी नव्हती.

७ मार्च, शनिवार. सकाळी ८
प्रशिक्षण सुरू. दुकानदार म्हणतो, दोन आठवडे घ्या, दोरी धरून, हळूहळू, निशाणापाशी बीप झाला की मागे वळवा आणि बक्षीस द्या. दोन आठवडे! आमच्याकडे दोन आठवड्यांचा कोर्स मी नेहमी एका दिवसात उरकत असे. पुढे कुणाची तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

हजेरी: ढब्बू उपस्थित. ठमी वीस मिनिटं उशिरा.

आधी प्रास्ताविक केलं. हद्द म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, तुमच्या वागण्याने घराची कशी अब्रू जाते. ढब्बूला जांभई आली. साडेतीन हजार कारकूनही जांभया देत असत, त्याचं मला नवल नाही. मग निशाणं दाखवली. ढब्बूने दोन खाल्ली. त्याला नंतर त्रास झाला आणि तो हॉलमधल्या गालिच्यावर झाला. बादली, फिनेल, मी. ओकारी येता येता राहिली.

कोर्स ११.३० ला पूर्ण. दोघंही उत्तीर्ण.

८ मार्च, रविवार
चाचणी. दोघंही निशाणांमधून सरळ रस्त्यावर. रस्त्यावरून डेंटिस्टकडे. हद्दीवर पट्ट्यातून चूं नाही की चां नाही.

निष्कर्ष: अभ्यास दौरा. शिकलेलं माणूस प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासतं.

१० मार्च, मंगळवार
पट्ट्यांची ताकद एकवरून थेट पाचवर नेली. पाचाच्या पुढे आकडा नाही.

संध्याकाळी एक गंमत. दोघंही घरात येईनात. पायऱ्यांपाशी येऊन थबकतात आणि मागे फिरतात. पट्टे तिथे बीप करत होते, बॅटरी नवी असल्यामुळे असेल. बायकोने जेवण हिरवळीवर नेऊन ठेवलं आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी सांगितलं की त्यांना मोकळ्या हवेचं महत्त्व पटलंय. याला प्रगती म्हणतात. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या त्या बघण्याचा मला मनस्वी तिटकारा आहे.

११ मार्च, बुधवार
दुपारी ठमीला हाक मारली. नेहमीची वेळ. धावत आली, दुसऱ्या पायरीवर किंचाळली आणि पळाली. पाल दिसली असणार. पायऱ्या झाडून घेतल्या. पाल नव्हती. पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मारली तेव्हा आलीच नाही.

हट्टी जात. दुपारी पायांना मुंग्या आल्या नाहीत. छान वाटलं. झोप लागली नाही, ती उकाड्यामुळे.

१४ मार्च, शनिवार
दोघं डेंटिस्टच्या व्हरांड्यात झोपतात. त्याने त्यांना सतरंजी घातली आहे. सतरंजी! नमकहराम कुठले. तीन वर्षं माझं खाऊन एका सतरंजीवर विकली गेली. ढब्बूचं ठीक आहे, त्याला मुळात अक्कल बेताची. ठमीकडून मात्र ही अपेक्षा नव्हती.

डेंटिस्ट सकाळी आला होता. अंगाला लवंगेचा वास. फार अदबीने म्हणाला की काका, राग मानू नका, आमच्या आधीच्या घरी असंच मशीन होतं, तुम्ही मशीनपासून निघणाऱ्या वायरींना पीळ घातलाय ना? दाताचा माणूस मला वायर शिकवतो! मी म्हणालो, तुम्ही दाढा बघा. तो हसला. दातओठ खाऊन दार लावलं.

१७ मार्च, मंगळवार
बायकोने टेबलाखालचं मॅन्युअल काढलं. टेबलावरचा चहा माझ्या मांडीवर आला. चष्मा लावून तिने अठ्ठेचाळीस पानं वाचली, मध्ये एकदाही न उठता. मग पान अकरा मोठ्याने वाचून दाखवलं. पीळ घातला नाही तर त्या दोन वायरीसुद्धा हद्दच बनतात. पीळ घातला की त्या गप्प होतात. पान चौदा: वायर तीन इंचांपेक्षा खोल पुरू नये, सिग्नल वर येत नाही.

मी म्हणालो, छपाईची चूक. तिने ढब्बूच्या गळ्यातला पट्टा काढून आणला, माझ्या हातात ठेवला आणि बाजारात निघून गेली.

सायंकाळी ५
पट्टा हातात धरून हिंडलो. रस्त्याच्या कडेला: शांत. निशाणांवरून पलीकडे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. शांत. पायऱ्यांपाशी आलो तर बीपचा नुसता गोंगाट. दुसऱ्या पायरीवर तळहाताला असा चिमटा बसला की पट्टा हातातून उडाला.

म्हणजे त्या बुधवारी ठमी दोनदा माझ्या हाकेला आली आणि दोन्ही वेळा तिला हे बसलं. मी हाक मारली, म्हणून बसलं.

किळस आली. या वेळी कुत्र्यांची नाही.

१८ मार्च, बुधवार
मशीन बंद. ठमीचाही पट्टा काढला. वायर उपटली. निशाणं गोळा केली, एकेचाळीस भरली, बाकीची कुठे गेली असतील त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. आता काही अडचण नाही. संध्याकाळपर्यंत दोघं घरात असतील.

सायंकाळी ७
ढब्बू आला. बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज त्याला पुरतो, त्याच्या गळ्यात तोफ बांधली तरी तो येईल. ठमी खालच्या पायरीपर्यंत आली. मी दारात उभा. ती थरथरली, तिथेच मुतली आणि शेपूट पायांत घालून डेंटिस्टकडे गेली. पुसून घेतलं. बायको म्हणाली, राहू द्या, मी पुसते. मी म्हणालो, नको.

२४ मार्च, मंगळवार
सहा दिवस प्रयत्न. पायऱ्यांवर चटई घातली. चिकनचे तुकडे ठेवले, ते ढब्बूने खाल्ले. मी दारातून बाजूला झालो. बायकोने हाक मारली तर ठमी चार पावलं पुढे आली. मी खिडकीतून हाक मारली तर मागे गेली. योगायोग.

तीस तारखेच्या आत होईल. साडेतीन हजार कारकून.

२८ मार्च, शनिवार
योगायोग नाही. मोजलं. बायकोने सात वेळा हाक मारली, सात वेळा पुढे. मी सात वेळा, सातही वेळा मागे.

हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहून टाकतो. ठमी मला हवी आहे. दुपारी घर खायला उठतं.

३० मार्च, सोमवार
मुलगी आली. बॅग खाली ठेवायच्या आधी ठमीला उचलून घरात आणलं. ठमी तिच्या कडेवर गप्प होती. हॉलमध्ये मला पाहिलं आणि अशी धडपडली की मुलीच्या हातावर ओरखडे उठले. मुलीने मला काही विचारलं नाही. आईने सगळं सांगितलेलं दिसतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, मी उलट बोललो असतो. ती नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुपारी ती डेंटिस्टकडे जाऊन आली. ठरलं. दोघंही तिथेच राहणार, मागच्या बंद आवारात. परगावी नेण्यापेक्षा हे बरं, बाबांनाही भेटता येईल, असं ती म्हणाली. मी म्हणालो, उत्तम, माझ्या मागची ब्याद गेली. बायको उठून आत गेली.

३१ मार्च, मंगळवार
डेंटिस्टकडे गेलो. त्याने दार उघडलं, हसला नाही. हळू आवाजात म्हणाला की काका, आज हाक मारू नका. जमिनीवर बसा, तिच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, वाटलं तर ती येईल.  बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो.

ढब्बू लगेच येऊन तोंडभर चाटून गेला. लाळ, वास, सगळं. पुसलं नाही, हलायचं नव्हतं.

बराच वेळ काही नाही. मग ठमी उठली, भिंतीच्या कडेकडेने आली आणि माझ्यापासून चार-पाच हातांवर बसली. तोंड दुसरीकडे. मी हात पुढे केला नाही. डेंटिस्ट म्हणाला होता, करू नका.