रबरी पँटीचं फिटिंग

तीर्थरूप दाजी,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात घातलाय, गोड मानून घ्या). आम्ही मजेत. तुमची खुशाली विचारत नाही, कारण भाचीनं फोनवर सगळं सांगितलं. ताई गेल्यापासून तुम्ही नदीकडे फिरकला नाहीत, गळ-काठ्या माळ्यावर टाकल्यात आणि दिवसभर खिडकीशी बसून असता. बसा बापडे! मला काय त्याचं? मी स्वतःच पिसांची बनावट माशी लावून मासे धरायला शिकतोय, आणि निम्मं शिकलोसुद्धा.

सामान मीच निवडलं. दुकानदार भलताच शहाणा. म्हणे, नवशिक्यानं मध्यम काठी घ्यावी आणि दोरी जाड, कारण माशीला वजन नसतं, दोरीच तिला लांब नेते. जन्म दोऱ्यात घालवलेल्या शिंप्याला हा दोरा शिकवणार! (घेतली जाडच, पण निव्वळ त्याचं तोंड बंद करायला.) माशा मात्र माझ्या पसंतीच्या. तो मातकट दाखवत होता, नदीवरचे किडे तसेच दिसतात म्हणून. अहो, मळखाऊ रंग गिऱ्हाईक नाइलाजानं घेतं, खूश होऊन नाही. मी चमचमत्या लाल-जांभळ्या घेतल्या. माझ्या शिंपीकामाच्या दुकानातच सराव केला, तर पहिल्याच फटक्यात माशी मागे उडून हेडमास्तरांच्या कोटात रुतली. ते तेव्हा आरशासमोर कोटाचं फिटिंग बघत होते. मी ओढलं, ते आले. काठी मजबूत आहे.

पाण्यात उतरायची छातीपर्यंतची रबरी पँट तेवढी ढगळ निघाली, माझ्यासारखे दोघं मावतील अशी. शिंप्यानं असं ध्यान चारचौघांत मिरवायचं? छे! मशीनवर दोन्ही बाजूंनी आत घेतली, डबल टीप मारली. काय फिटिंग बसलंय म्हणून सांगू! मग ती घालून टबात बसलो, तेव्हा कळलं की सुईच्या भोकाभोकातून पाणी आत येतं. (बायको म्हणाली, बाहेरही जात असेल की. तिला असल्या वेळी बरे विनोद सुचतात.) आणि एकदा भरलं की उठता येत नाही, तिनंच हात देऊन काढलं. बाकी तयारी चोख आहे.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. रविवारी सकाळी निघतोय, तुमच्याच जागी, जिथल्या खोल पाण्यावरून ताई तुम्हाला ओरडायची. तुम्हाला असं खिडकीशी बसलेलं तिला एक दिवसही बघवलं नसतं, मलाही बघवत नाही. पण तुम्ही यायची मुळीच गरज नाही.

आणखी एक ता. क. मला पोहता येत नाही.