माझ्या स्कूटरची निर्विवाद चोरी

३ डिसेंबर, मंगळवार. सकाळी
अंगणातली स्कूटर नाहीशी. चोरी, संशयास जागा नाही. काल वाचनालयातून परतल्यावर गाडी अंगणात होती की नाही, हे पाहिले नाही. तर्कशास्त्राच्या एका माजी विद्यार्थ्याने आग्रहाने त्याच्या कारमधून घरी सोडले. वाटेत अनुमानावर उत्तम चर्चा.
मुलाला, अभिमन्यूला, तूर्त कळवणार नाही. गॅस दोनदा उघडा राहिला, तेव्हापासून त्याने बजावले आहे: आणखी एकदा काही विसरलात, तर सोलापूरचे घर बंद आणि तुम्ही पुण्यात. परंतु चोरी म्हणजे विसरणे नव्हे.

सायंकाळी
शेजारची दाक्षायणी व तिचा वर्गमित्र बाळासो कॉलनीतली गूढे सोडवतात. दोघे नववीत. तपास त्यांच्याकडे सोपवला. मार्गदर्शन अर्थातच माझे.

४ डिसेंबर, बुधवार
मुले अर्ध्या तासात परत. बाळासो म्हणाला, आजोबा, गाडी वाचनालयाच्या पिंपळाखाली हाय की. लई धूळ बसलीया. इतकी घाई तपासास मारक. एका रंगाच्या स्कूटर शहरात अनेक. नंबरही तोच आहे, असे दाक्षायणी म्हणाली. दिसणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, हे समजावले. धुरावरून अग्नीचे अनुमान कसे करतात, ते सांगितले. त्यावर बाळासो : आन् आगच दिसत आसंल तर धूर कशाला हुडकायचा?
मुलगा हुशार. शिस्त नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार
दाक्षायणीच्या आईने अभिमन्यूला फोनवर सगळे सांगितले. तो रविवारी येतो आहे. चोरी की विसर, एवढेच त्याने मला विचारले. चोरी, असे ठामपणे सांगितले. आवाज किंचित कापला, नेटवर्कचा दोष.
मुलांना पुण्याविषयी सांगितले, केवळ माहितीस्तव. दाक्षायणीने बाळासोकडे पाहिले. मग म्हणाली, रविवारी आम्ही बघतो. तुम्ही फक्त तोंड उघडू नका, आजोबा. भाषा उद्धट, पण भावना चांगली.
संकल्प: रविवारी मौन.

८ डिसेंबर, रविवार. दुपारी
सकाळी अभिमन्यूने स्कूटर आणली. जेवताना मुलांनी अहवाल मांडला: चोराने गाडी अंगणातून पळवली, पेट्रोल संपले म्हणून वाचनालयापाशी टाकून दिली. म्हणजे बाबा विसरले नाहीत, असे अभिमन्यूने विचारले. छ्या, बाळासो म्हणाला, आजोबांच्या सगळं ध्यानात आसतंय. अभिमन्यूचा चेहरा निवळला.
मी मौन पाळले. अर्ध्या भाकरीपर्यंत.
परंतु हेतूच, म्हणजे अनुमानाचे कारणच, सदोष होते. वाचनालयात गेलो त्याच दिवशी मी टाकी भरली होती. हँडल लॉक होते. अभिमन्यूने माझीच किल्ली नेऊन ते उघडले. कोणता चोर गाडी सावलीत लावून लॉक करून जातो? दाक्षायणी टेबलाखालून माझा पाय दाबत होती. पाय काढ, असे तिला स्पष्ट सांगितले. मग शंका उरू नये म्हणून निष्कर्षही मांडला: गाडी तेथे लावणारा मीच.
सिद्धता पूर्ण. बाळासो ताटावरून उठला. जाताना म्हणाला, जिंकलासा बगा, आजोबा.

९ डिसेंबर, सोमवार
अभिमन्यू माझी पुस्तके खोक्यांत भरतो आहे. त्याचा पुण्यातला फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, असे तो तीनतीनदा सांगतो.
मुले शाळेत जाण्यापूर्वी येऊन गेली. आता उलटं सिद्ध करून द्या ना आजोबा, दाक्षायणी म्हणाली, तुम्हाला तर येतं सगळं.
सकाळपासून बसलो आहे. माझ्या युक्तिवादात एकही दोष सापडत नाही.