पेन्सिलीतली शंका

ता. ३

चि. खोडरबरास, अनेक आशीर्वाद.

लहानपणी वही फाटेपर्यंत उत्तरं खोडायचास म्हणून पडलेलं नाव आज मुद्दाम लिहिते आहे. शर्ट निळा की राखाडी हे ठरवायला तुला दुकानात अर्धा तास लागतो, आणि आज पेपरात पहिल्या पानावर तुमची वेधशाळा छातीठोकपणे सांगतेय की शेजारच्या देशाने जमिनीखाली अणुस्फोट केला! खाली सही हादरे नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याची, म्हणजे तुझी. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात ओरडत होते, की आता घुसून त्यांचे कारखाने उडवा. यांच्या बापाचं काय जातंय? विमान चालवणार माझा मुलगा!

त्याची रजा रद्द झाली. फोनवर हसत म्हणाला, की मामाची सही आहे म्हणजे खरंच असणार. तेव्हापासून पेपरातली तुझी सही पुन्हा पुन्हा बघते आहे. खरंच आहे ना रे? उलट टपाली कळव.

काळजीने चिडलेली,
ताई

ता. ७

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

स्फोट झाला असं मी ठामपणे लिहिलंच नव्हतं. आमच्याकडे मोजमाप शाईने लिहितात आणि शंका शेजारी पेन्सिलीने. साहेब ती वाचतात, आम्ही भांडतो, ती मिटली की पेन्सिल खोडून स्वच्छ प्रत टाइप होते. तीस वर्षं हेच चाललंय. मी लिहिलं होतं, की खाणीतले सुरुंगही असू शकतील. या वेळी मंत्रालयाचा माणूस दारात उभा होता. भांडण झालंच नाही, पेन्सिल मात्र सवयीने खोडली गेली. आणि मी गाढवाने प्रत न वाचता सही ठोकली.

साहेब म्हणतात, गप्प बस. ते बॉम्ब बनवताहेत हे उघड आहे. तू शंका काढलीस तर त्यांना सहा महिने मिळतील, मग कुणाला अडवणार? ताई, संताप याचाच येतो की हे साफ खोटं नाही. मलाही वाटतं ते बनवताहेत. पण हा हादरा त्याचाच होता का, हे मला माहीत नाही. काय करू?

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा धाकटा

ता. ९

चि. धाकट्यास आशीर्वाद, तेही आज हात आखडून.

काय करू म्हणून मला विचारतोस? लाज नाही वाटत? अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं मी. उत्तर बरोबर पण मधल्या पायऱ्या गाळल्या, म्हणून पोटच्या पोराला शून्य दिलं, तो भर वर्गात रडला तरी. त्या बॉम्बची मलाही धास्ती आहे, मी काही भाबडी नाही. मग दुसरा पुरावा शोधा, जगापुढे मांडा, अडवा त्यांना! पण खोडलेल्या कागदावर माझं पोर पाठवायचं नाही. कुणाचंच नाही. आणि तिथे खरंच खाण असली तर? तिथल्या माणसांनाही आया आहेत. ऊठ आणि जा.

आशीर्वाद राखून ठेवलेली,
ताई

ता. १६

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

गेलो. हल्ल्याचा निर्णय घेणाऱ्या समितीसमोर मूळ कागद मागवला आणि खोडलेल्या जागी तीच शंका शाईने लिहून सही केली. अध्यक्षांनी विचारलं, उद्या त्यांनी बॉम्ब टाकला तर जबाबदार कोण? मी म्हटलं, मीसुद्धा.

मला निलंबित केलंय. ओळखपत्र, कपाटाची किल्ली, सगळं काढून घेतलं. हल्ला फेरतपासणीसाठी तीन आठवडे थांबवलाय. भाच्याचा जीव वाचवला की सगळ्यांचाच धोक्यात घातला, खरंच कळत नाही.

आता तरी आशीर्वाद सोड.
धाकटा

ता. १९

चि. खोडरबरास, राखून ठेवलेले सगळे आशीर्वाद.

तुझा भाचा काल रजेवर आला. तुझ्यावर भयंकर चिडलाय. मामाने आम्हाला तोंडघशी पाडलं, म्हणतो. तुझं नाव काढलं की ताट सरकवतो. मी समजूत घालत नाही. तीन आठवड्यांनी काय होईल मलाही ठाऊक नाही, जीव टांगणीला आहेच. पण आत्ता तो समोरच्या खुर्चीत फुगून बसलाय, पाय टेबलावर टाकून, आणि मी लिहिता लिहिता पाय खाली घे म्हणून त्याच्यावर ओरडते आहे.

तो बोलणार नाही. तरी ये.
ताई