बेसमेंटमधला 'पुरे'

८ सप्टेंबर २०२४

झाली पंचाईत! इलाच्या बँडला ऑक्टोबरात वीस वर्षं होतायत, वूस्टरला कॉन्सर्ट आहे, आणि स्टेजवर बँडची हिस्ट्री मी सांगायची म्हणे. "यू वेअर देअर, आई. डे वन." होते ना. आमच्या श्रूजबरीच्या ह्याच घराच्या बेसमेंटमध्ये सुरू झालं सगळं. सोळा वर्षांची इला आणि तिचं फिडल, म्हणजे व्हायोलिनच. कॉनर पाइप्स वाजवायचा, ती बगलेत पिशवी दाबून वाजवायची सनई. मॉरा गायची. दोघंही तिच्या वर्गातली, आयरिश घरांतली.

बँडचं नाव 'पुरे'. लोकांना वाटतं आयरिश शब्द आहे!

११ सप्टेंबर

भाषणासाठी सगळे अल्बम ओळीनं ऐकले. काय पोरं आहेत ही! पहिल्यात घर गरम ठेवणाऱ्या आमच्या फर्नेसची घरघर रेकॉर्ड केलीय. तंबोऱ्यासारखी खाली धरून ठेवलीय आणि वर कॉनरच्या आजीचं जुनं गाणं. दुसऱ्यात नाचाची धून इतकी सावकाश केलीय, की नाचायचं सोडून रडूच येतं. तिसऱ्यात तर मॉरा गातच नाही, अकरा मिनिटं नुसता श्वास! पूर्वी मी ह्याला खुळेपणा म्हणायचे. आज डिशवॉशर अर्धा भरून तशीच उभी राहिले.

१५ सप्टेंबर

गाडीत रेडिओवर इलाची मुलाखत. त्या बाईनं बँडच्या नावाचा अर्थ विचारला. इला म्हणते, "इट्स मराठी. इट मीन्स मोअर. माय मॉम जिन्यावरून ओरडायची."

मोअर! अगं बाई!

मी 'बास करा' म्हणून ओरडत होते गं! सकाळी सहाला हॉस्पिटलला ड्यूटीवर जायचं, आणि खाली तो पाइप्सचा ठणाणा. "पुरे! पुरे!" घसा बसायचा माझा. खालून आणखी जोरात वाजायचं. मला वाटायचं, काय कोडगी कार्टी आहेत!

पुढे म्हणाली, "शी वॉज अवर फर्स्ट फॅन. नाहीतर मी तेव्हाच सोडलं असतं." फार्मसीच्या पार्किंगमध्ये बसून राहिले. औषधं घ्यायची राहूनच गेली.

१६ सप्टेंबर

कळलं! आमचं जेवणाचं टेबल! दर शनिवारी इथल्या मराठी मंडळाची माणसं जेवायला. कोणी "पुरे, पुरे, वहिनी" म्हटलं, की मी आणखी एक पुरी टाकायचे. पोरगी हेच बघत मोठी झाली. दुसरा काय अर्थ काढणार?

राजीव हसत सुटला. म्हणाला, "सांगून टाक स्टेजवर. मस्त जोक आहे यार." नवरा आहे की कोण! जोक कसला? एवढं सुंदर काम ह्या पोरांनी माझ्या एका ओरडण्यावर उभं केलं. आणि मी तेव्हा एकदा तरी जिना उतरून ऐकलं का? नाही. लाज वाटते मला.

५ ऑक्टोबर

भाषणात खरं ते लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं.

१२ ऑक्टोबर

झाली कॉन्सर्ट. दुपारची असूनही हॉल खच्चून भरलेला. शेवटची धून संपली आणि सगळे उभे राहून ओरडायला लागले — "पुरे! पुरे!" आणि ही तिघं पुन्हा वाजवायला लागली! अंगावर काटा आला. माझी पोरगी आहे ही, असं शेजारच्या अनोळखी बाईला दोनदा सांगितलं.

मग माइक माझ्या हातात. कागद पर्समध्येच राहिला. इलाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आमच्या घरी पुरे म्हटलं, की आणखी वाढतात." खोटं नाही ना ते? इला हसली आणि तिनं फिडलचा बो उचलला.

१३ ऑक्टोबर

इला जेवायला आली होती. मुद्दाम पुऱ्या केल्या. चौथी वाढायला गेले, तर ताटावर हात आडवा धरून म्हणाली, "आई, पुरे."

हात आडवा! म्हणजे 'पुरे'चा खरा अर्थ हिला माहीत होता? पहिल्या दिवसापासून?

ती हसत होती, हात तसाच. बाजूनं वाढलीच मी.